३३३ विरुद्ध १११ : भाऊसाहेब हिरे, यशवंतराव चव्हाण आणि ऑक्टोबर १९५६

१/ मुंबईहून आग्रा रस्त्याने निघाले, कसारा घाट चढून इगतपुरी मागे टाकली की घोटी लागते. भाताची जुनी बाजारपेठ, भातगिरण्या आणि दक्षिणेला कळसूबाईची रांग. हाच रस्ता पुढे नाशिक आणि चांदवडवरून मालेगावला जातो. मालेगावच्या माणसाला मुंबई गाठायची तर वाट घोटीवरूनच. या वाटेच्या वरच्या टोकाचा, मालेगाव भागातला एक नेता १९५६ च्या ऑक्टोबरात मुंबईत आपल्याच पक्षाच्या श्रेष्ठींच्या इच्छेविरुद्ध उभा राहिला आणि हरला. हा धागा त्या लढतीविषयी आहे.

२/ नेते होते भाऊसाहेब हिरे. समोर यशवंतराव चव्हाण. पद होते नव्या द्विभाषिक मुंबई राज्याच्या काँग्रेस विधिमंडळ पक्षाच्या नेत्याचे, म्हणजे प्रत्यक्षात मुख्यमंत्र्याचे. चव्हाणांना ३३३ मते पडली, हिरे यांना १११. बरोबर तिप्पट. शालेय पुस्तकांत हा आकडा सहसा सापडत नाही, कारण तिथे गोष्ट फ्लोरा फाउंटनवरून थेट १ मे १९६० वर उडी मारते. मधल्या चार वर्षांत एकाच पक्षातील, एकच ध्येय मानणारी माणसे एकमेकांपासून कशी दुरावली, हे त्या उडीत निसटते.

३/ दोघांचे ध्येय एक होते, हे आधी लक्षात घ्यायला हवे. २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर करारावर हिरे आणि चव्हाण या दोघांच्याही सह्या आहेत. मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद या तीन राज्यांत विखुरलेले मराठी मुलूख एका राज्यात आणायचे, विदर्भ आणि मराठवाड्याच्या हिताची हमी द्यायची, विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात भरवायचे, हा त्या कराराचा गाभा. शंकरराव देवांच्या अध्यक्षतेखालील संयुक्त महाराष्ट्र परिषदेतही दोघे होते.

४/ हिरे वयाने आणि मानाने वडील. स्वातंत्र्यलढ्यातून आलेले, प्रांतिक काँग्रेसचे अध्यक्षपद सांभाळलेले. बाळासाहेब खेर १९५२ मध्ये निवृत्त झाले, तेव्हा संघटना पाठीशी असलेले हिरे मुख्यमंत्रिपदाचे स्वाभाविक दावेदार होते. त्या निवडणुकीत मोरारजी देसाई स्वतः आपल्या मतदारसंघात अवघ्या १९ मतांनी पडले होते. तरीही नेतेपदी मोरारजींचीच निवड झाली आणि हिरे त्यांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री झाले. पराभूत उमेदवार मुख्यमंत्री आणि प्रांतिक संघटनेचा मातब्बर नेता त्याचा मंत्री, ही मांडणी हिरे यांनी तेव्हा निमूट स्वीकारली. १९५६ मधील त्यांच्या पवित्र्याचा विचार करताना १९५२ चे हे मौन विसरून चालत नाही.

५/ महसूलमंत्री म्हणून त्यांचे काम घोटी-इगतपुरीच्या भातखाचरांपर्यंत पोहोचले. १९४८ च्या कूळकायद्यात त्यांच्या काळात मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ कायद्याने तिचे मालक मानले जाणार होते. खंड भरत आलेल्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही गोष्ट कोणत्याही नेतेपदाहून मोठी होती. कायदा अमलात येण्याच्या सुमारास त्याचे प्रमुख शिल्पकार मात्र नेतेपदाची लढत हरलेले होते.

६/ आता ठिणगीकडे. राज्य पुनर्रचना आयोगाचा अहवाल १० ऑक्टोबर १९५५ ला प्रसिद्ध झाला. आयोगाने गुजरात आणि मराठवाड्यासह द्विभाषिक मुंबई राज्य सुचवले, विदर्भाचे वेगळे राज्य सुचवले. आंध्राला तेलुगू राज्य मिळाले होते, कन्नड आणि मल्याळम भाषकांना मिळणार होते, मराठी आणि गुजराती भाषकांना मात्र एका छपराखाली राहायचे होते. देव, काकासाहेब गाडगीळ, हिरे, देवगिरीकर यांच्या दिल्लीच्या वाऱ्या सुरू झाल्या. काँग्रेस श्रेष्ठींनी नोव्हेंबरात तीन राज्यांचा तोडगा काढला. महाराष्ट्र वेगळा, गुजरात वेगळा आणि मुंबई शहर दोघांहून वेगळे.

७/ २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत विधानसभेवर निघालेल्या मोर्चावर फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाला. १५ जण ठार झाले. १६ जानेवारी १९५६ ला नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित करण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा शहर पुन्हा पेटले आणि गोळीबार पुन्हा झाला. आंदोलनातील हुतात्म्यांची एकूण संख्या पुढे शंभरावर गेली. या सर्व काळात राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. पोलिसांच्या प्रत्येक गोळीशी मराठी माणसाने त्यांचे नाव जोडले. ते न्याय्य की अन्याय्य, हा वेगळा वाद. जोडले गेले, एवढे खरे.

८/ या दोन गोळीबारांच्या मधल्या काळात चव्हाणांनी आपला मार्ग वेगळा केला. १ डिसेंबर १९५५ ला फलटण येथे, मालोजीराजे निंबाळकरांच्या साथीने, त्यांनी परिषदेचे नेतृत्व नाकारले. राजीनामे आणि उपोषणे यांनी पक्षाला कोंडीत पकडण्याचा मार्ग त्यांना मान्य नव्हता. नेहरू आणि संयुक्त महाराष्ट्र यांत निवड करण्याची वेळ आली तर आपण नेहरूंना निवडू, असा त्यांच्या भूमिकेचा आशय होता. महाराष्ट्र खवळला. विरोधकांनी त्यांना सूर्याजी पिसाळाच्या पंक्तीला बसवले.

९/ फलटणची भूमिका सत्तेच्या लोभातून आली, असे सांगणारे तेव्हाही होते, आजही आहेत. पण १९५५ च्या डिसेंबरात ती घेणे म्हणजे स्वतःच्या मतदारांशी वैर पत्करणे होते. द्विभाषिक राज्य तेव्हा ठरलेले नव्हते, मुख्यमंत्रिपद कोणाला मिळेल याचा अंदाजही कुणाला करता आला नसता. चव्हाणांचा हिशेब वेगळा होता. राज्यांच्या सीमा संसद आखते, संसदेत बहुमत काँग्रेसचे, आणि काँग्रेसमध्ये शब्द नेहरूंचा. नेहरूंचा विश्वास गमावून महाराष्ट्र मिळवण्याचा मार्ग त्यांना दिसत नव्हता. हा हिशेब थंड होता. तो चुकीचा होता, हे पुढच्या घटनांनी तरी सिद्ध केले नाही.

१०/ दुसऱ्या टोकाला चिंतामणराव देशमुख. कुलाब्याचे खासदार, केंद्रीय अर्थमंत्री, त्याआधी रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी जुलै १९५६ मध्ये मंत्रिपद सोडले आणि लोकसभेतील निवेदनात नेहरूंवर उघड टीका केली. गोळीबाराची चौकशी का नाही, मुंबईचा निर्णय मंत्रिमंडळाला डावलून कसा झाला, हे त्यांचे प्रश्न होते. महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतले. मात्र देशमुख पक्षाच्या संघटनेत वाढलेले नव्हते. तालुका समित्या, कार्यकर्ते, साखर कारखाने, बँका, यांपैकी काहीही त्यांच्या निर्णयाला बांधलेले नव्हते. राजीनामा त्यांच्या एकट्याचा होता आणि म्हणूनच तो इतका स्वच्छ दिसतो.

११/ हिरे या दोघांच्या मध्ये अडकलेले. फलटणची वाट त्यांना धरवत नव्हती आणि पक्ष सोडून ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात स्थापन झालेल्या संयुक्त महाराष्ट्र समितीत कम्युनिस्ट, समाजवादी आणि शेकापच्या शेजारी बसणेही शक्य नव्हते. ज्यांच्याविरुद्ध निवडणुका लढवल्या त्यांच्या व्यासपीठावर कसे जायचे? पक्षात राहून पक्षाला नकार द्यायचा, ही सर्वांत अवघड जागा त्यांच्या वाट्याला आली. अशा माणसावर दोन्ही बाजू संशय घेतात. बाहेरचे म्हणतात, खुर्ची सुटत नाही. आतले म्हणतात, शिस्त मोडतो.

१२/ ऑगस्ट १९५६ मध्ये लोकसभेने सगळा डाव पुन्हा मांडला. केंद्रशासित मुंबई रद्द. त्याऐवजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र, कच्छ, गुजरात, पश्चिम महाराष्ट्र आणि मुंबई शहर मिळून एक प्रचंड द्विभाषिक राज्य. महाराष्ट्र असंतुष्ट राहिला आणि आता अहमदाबादही पेटले. तिथेही गोळीबार झाला, महागुजरातची चळवळ उभी राहिली. राज्य १ नोव्हेंबरला अस्तित्वात येणार होते. त्याचा नेता ऑक्टोबरातच निवडायचा होता.

१३/ यात एक खोच होती. विदर्भ आणि मराठवाडा जोडल्यामुळे नव्या राज्यात मराठी भाषक बहुसंख्य झाले. तरीही श्रेष्ठींच्या मनातले नाव मोरारजींचेच होते. चव्हाणही मोरारजींच्या निवडीच्या बाजूने होते. ज्यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या रस्त्यांवर मराठी माणसे पडली, त्यांनाच पुन्हा मराठी बहुमताच्या राज्याच्या शिरोभागी बसवायचे आणि तेही एकमताने, असा बेत.

१४/ हिरे यांनी इथे नकार दिला. नेतेपदासाठी आपण उभे राहणार, असे त्यांनी ठरवले. त्यात महत्त्वाकांक्षा नव्हती असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. १९५२ मध्ये हातातून गेलेली संधी समोर होती. पण महत्त्वाकांक्षी माणसाला सोपा मार्ग कोणता होता, हेही पाहावे. गप्प बसणे, मोरारजींना एकमताने निवडून देणे आणि मंत्रिमंडळात पहिल्या क्रमांकाचे खाते मागून घेणे. तो मार्ग त्यांनी १९५२ मध्ये एकदा चोखाळला होता. या वेळी मधल्या चार वर्षांत झालेले गोळीबार आड आले.

१५/ मग मोरारजींनी आपले तत्त्व पुढे केले. निवड एकमताने होणार नसेल तर आपण उभेच राहणार नाही. लढत झाली तर राज्यात मराठी-गुजराती अशी फूट पडेल, असा युक्तिवाद त्यामागे होता आणि तो पोकळ नव्हता. मोरारजी बाजूला झाले आणि त्यांचे वजन चव्हाणांच्या पारड्यात पडले. म्हणजे ज्या माणसाने मोरारजींना निवडावे असे म्हटले तो उमेदवार झाला आणि ज्याने मोरारजींना आव्हान दिले त्याच्यासमोर आता मोरारजी नव्हतेच. हिरे यांचा सामना एका मराठी माणसाशी, त्यांच्याच पिढीनंतरच्या सहकाऱ्याशी होऊन बसला.

१६/ निकाल मतपेटी उघडण्याआधीच ठरला होता. गुजरात, सौराष्ट्र आणि कच्छचे सदस्य मोरारजींना आव्हान देणाऱ्याला मत देणे शक्य नव्हते. विदर्भ आणि मराठवाड्यातील सदस्यांना हिरे-चव्हाण हा पश्चिम महाराष्ट्रातील घरगुती तंटा वाटत असल्यास नवल नाही, आणि श्रेष्ठींचा कल कुठे आहे हे सर्वांना दिसत होते. उमेदवार मराठी असल्याने मराठी सदस्यांची मतेही फुटली. हिरे यांच्या विरोधाचे सगळ्यांत मोठे कारण, म्हणजे मोरारजी, आखाड्यातून निघून गेले आणि त्यांच्यासोबत हिरे यांच्या युक्तिवादाची धारही गेली. ३३३ विरुद्ध १११.

१७/ या लढतीचा एक परिणाम मतमोजणीत दिसत नाही. मोरारजी मुख्यमंत्री झाले नाहीत. नोव्हेंबरात ते केंद्रीय मंत्रिमंडळात गेले. १ नोव्हेंबर १९५६ ला ४३ वर्षांच्या यशवंतराव चव्हाणांनी शपथ घेतली. ज्या गोष्टीसाठी हिरे उभे राहिले ती त्यांच्या उभे राहण्याने घडली आणि तिचे फळ ज्याने ती मागितली नव्हती त्याला मिळाले. चव्हाणांच्या कर्तृत्वाला यामुळे उणेपणा येत नाही. त्यांच्या उदयाची कथा सांगताना हिरे यांचे नाव एका ओळीत उरकले जाते, एवढीच तक्रार.

१८/ १९५७ च्या निवडणुकीने पश्चिम महाराष्ट्रातील काँग्रेसला झोडपून काढले. समितीचे उमेदवार एकामागून एक निवडून आले. नाशिकच्या लोकसभेच्या जागेवर दादासाहेब गायकवाड निवडून आले, काळाराम मंदिराच्या सत्याग्रहातील आंबेडकरांचे सहकारी. खुद्द चव्हाण कराडमध्ये निसटते तरले. ३९६ जागांच्या विधानसभेत काँग्रेसला २३४ मिळाल्या, त्या गुजरात, विदर्भ आणि मराठवाड्याच्या जोरावर. ज्या पक्षनिष्ठेने चव्हाणांना खुर्ची दिली तिची किंमत त्यांच्याच मुलखात पक्षाने मोजली.

१९/ ३० नोव्हेंबर १९५७ ला नेहरू प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या पुतळ्याच्या अनावरणासाठी आले. समितीने रस्त्यावर काळ्या निशाणांची दाट रांग उभी केली आणि निदर्शने शांततेत पार पाडली. पाहुण्यांचे यजमान चव्हाण होते. गडावर जाताना नेहरूंनी जे पाहिले त्याचा अर्थ दिल्लीत लावून देण्याचे काम पुढच्या दोन वर्षांत चव्हाणांनी केले. १९५९ मध्ये काँग्रेसच्या अध्यक्ष इंदिरा गांधी होत्या. त्यांच्या काळात द्विभाषिकाच्या फेरविचाराला गती मिळाली आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. रस्त्यावरच्या समितीशिवाय दिल्ली हलली नसती. दिल्लीत विश्वासाचा माणूस नसता तर ती कोणाच्या शब्दावर हलली असती, हाही प्रश्न आहेच.

२०/ भाऊसाहेब हिरे महाराष्ट्र झालेला पाहून १९६१ मध्ये गेले. त्यांनी १९५२ मध्ये उभी केलेली महात्मा गांधी विद्यामंदिर ही संस्था नाशिक जिल्ह्यात आजही शाळा-महाविद्यालये चालवते. नव्या पिढीला त्यांचे नाव बहुधा संस्थेच्या पाटीवरूनच ठाऊक असते.

२१/ त्यानंतर दोन वर्षांच्या आत नाशिक जिल्ह्याच्या राजकारणात एक विलक्षण घटना घडली. चीनच्या आक्रमणानंतर नेहरूंनी चव्हाणांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावले. त्यांना लोकसभेत जागा हवी होती. १९६३ मध्ये ती नाशिकने दिली आणि बिनविरोध दिली. घोटी आज ज्या मतदारसंघात मोडते तोच हा नाशिक मतदारसंघ. १९५६ मध्ये ज्या जिल्ह्याच्या नेत्याला चव्हाणांनी हरवले, १९५७ मध्ये ज्या जिल्ह्याने काँग्रेसला नाकारले, त्याने सहा वर्षांनी चव्हाणांसमोर एकही उमेदवार टिकू दिला नाही. युद्धाचे वातावरण होते, हे खरे. तरी महाराष्ट्र एव्हाना मिळालेला होता, हे त्याहून खरे असावे.

२२/ एकमताशिवाय उभे न राहणाऱ्या मोरारजींचे पुढे काय झाले? शास्त्रीजींच्या निधनानंतर जानेवारी १९६६ मध्ये त्यांनी इंदिरा गांधींविरुद्ध नेतेपदाची लढत आग्रहाने घडवून आणली. ३५५ विरुद्ध १६९ अशी ते हरले. दहा वर्षांपूर्वी मुंबईत लढत म्हणजे फूट होती, आता दिल्लीत लढत म्हणजे लोकशाहीचा हक्क झाला. मोरारजींना ढोंगी ठरवण्याची गरज नाही. एकमत ज्याच्या बाजूने होणार असते त्याला ते नेहमीच तत्त्व वाटते.

२३/ चव्हाणांची फलटणची परीक्षा १९६९ मध्ये पुन्हा झाली आणि या वेळी पेपर अधिक कठीण होता. राष्ट्रपतिपदाच्या उमेदवारीसाठी बंगळूरला काँग्रेसच्या संसदीय मंडळाची बैठक झाली. पंतप्रधान इंदिरा गांधींना जगजीवनराम हवे होते, पक्षातील ज्येष्ठांना नीलम संजीव रेड्डी. गृहमंत्री चव्हाणांनी रेड्डींना मत दिले आणि रेड्डी ४ विरुद्ध २ असे ठरले. त्या चौघांत मोरारजीही होते. मग इंदिरा गांधींनी काँग्रेसजनांना सद्सद्विवेकाप्रमाणे मत देण्यास सांगितले. ऑगस्टमध्ये पक्षाचे अधिकृत उमेदवार हरले, व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले.

२४/ फलटणला निवड सोपी होती, कारण पक्ष आणि नेहरू एकच होते. १९६९ मध्ये पक्ष एकीकडे आणि पंतप्रधान दुसरीकडे. चव्हाणांनी मत पक्षाच्या उमेदवाराला दिले आणि नोव्हेंबरात पक्ष फुटला तेव्हा ते इंदिरा गांधींसोबत राहिले. मधल्या काळात दोन्ही बाजू जुळवण्याचा त्यांचा प्रयत्न चालू होता. पक्ष आणि नेता वेगळे झाले की निष्ठावंताला दोघांच्याही नजरेत उणे ठरावे लागते. १९५६ मध्ये हिरे ज्या मधल्या जागी उभे होते, तिथे आता चव्हाण येऊन उभे राहिले. जून १९७० मध्ये इंदिरा गांधींनी त्यांच्याकडील गृहखाते काढून स्वतःकडे घेतले आणि त्यांना अर्थखाते दिले.

२५/ जुलै १९७९. लोकसभेत पंतप्रधान मोरारजी देसाई, विरोधी पक्षनेते यशवंतराव चव्हाण. सरकारविरुद्ध अविश्वासाचा ठराव चव्हाणांनीच मांडला. जनता पक्ष आतून फुटू लागला आणि ठरावावर मतदान होण्याआधीच, १५ जुलैला, मोरारजींनी राजीनामा दिला. त्या महिन्याच्या अखेरीस चव्हाण चरणसिंगांच्या सरकारात उपपंतप्रधान झाले. ऑक्टोबर १९५६ मधले तिघेही पात्र असते तर हे पाहून हसले असते, पण भाऊसाहेबांना जाऊन तेव्हा १८ वर्षे झाली होती.